आधी क्रम, मग आकडा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा आम्ही संपाविषयी किंवा कामगार कायद्याविषयी बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळवला, तेव्हा त्यांनी तो दोनदा विचारून घेतला. गणिती अर्थशास्त्रात ‘पसंतीचे संख्यारूप’ म्हणून एक प्रकरण आहे, आणि त्याला लागूनच ‘चढत्या फलनाचा विस्तार’ म्हणून दुसरे. ही नावे ऐकून सभागृह अर्धे रिकामे होईल अशी भीती त्यांना वाटली, ती खोटी नव्हती. आम्ही कॉलेजात गेलेलो नाही. हे गणित आम्ही शिकलो ते पगाराच्या तक्त्यावर मालकपक्षासमोर बसून, आणि पुढे उसन्या पुस्तकांतून. तेव्हा आज ते त्याच वाटेने सांगणार आहोत.

आरंभ आपल्या घरापासून करू. रँग्लर परांजपे आपल्याच जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, जन्म १८७६ चा. १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते सीनियर रँग्लर, म्हणजे पहिले आले, हे आपणांस शाळेपासून ठाऊक आहे. ठाऊक नसते ते एवढेच, की त्या वर्षी पहिले दोघे होते. जॉर्ज बर्टविसल नावाचा दुसरा विद्यार्थी त्यांच्याच जोडीला पहिल्या क्रमांकावर होता. आम्हांला या गोष्टीत रस आहे तो असा. परीक्षकांजवळ गुण होते, परंतु जगापुढे जी यादी आली ती क्रमाची. पहिला कोण, दुसरा कोण, आणि कोण दोघे बरोबरीचे. दुसरा पहिल्याच्या किती मागे राहिला, एका गुणाने की पाचशे गुणांनी, हे यादी पाहून कळावयाचे नाही. पुढे १९०९ नंतर केंब्रिजने अशी क्रमवार यादी लावणेच सोडून दिले.

गुणांवरून क्रम लावणे सोपे आहे. उलट्या वाटेने जाता येईल काय? हातात फक्त क्रम आहे, त्यावरून आकडे बसवायचे आहेत. बसवता येतील, आणि वाटेल तितक्या प्रकारांनी बसवता येतील. पहिल्याला १००, दुसऱ्याला ९९ द्या, किंवा पहिल्याला १०००, दुसऱ्याला ३ द्या. क्रम तोच राहतो. या आकड्यांवरून ‘पहिला दुसऱ्याच्या तीनशे पट हुशार’ असे कोणी म्हणू लागला तर त्याला आपण वेड्यात काढू. पण पगाराच्या बाबतीत नेमके हेच रोज म्हटले जाते, आणि त्याला शास्त्रीय म्हणतात.

अर्थशास्त्राला ही गोष्ट उमगायला बराच काळ लागला. जुन्या पंडितांची कल्पना अशी, की माणसाला वस्तूपासून मिळणारे सुख मोजता येते. उपयोगिता म्हणजे जणू पोटात बसवलेला तापमापक. इटलीच्या पारेतो यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवले की बाजारातले व्यवहार समजून घ्यायला या तापमापकाची गरज नाही. माणूस कशापेक्षा काय पसंत करतो एवढा क्रम पुरे. १९३४ साली हिक्स आणि ॲलन या दोघा इंग्रज अर्थशास्त्रज्ञांनी ते पद्धतशीर मांडले. म्हणजे आकडा हा क्रमाचा चाकर ठरला. चाकराने धन्याची वस्त्रे घालून मिरवू नये, एवढीच त्यात अट.

आता चाकर तरी केव्हा मिळतो? कोणत्याही पसंतीला आकडे बसवता येतात काय? नाही. पहिली गोष्ट, पसंतीत गोल फेरी असता कामा नये. आंब्याच्या तीन पेट्या घ्या. एखाद्या गिऱ्हाइकाला पहिलीपेक्षा दुसरी बरी वाटते, दुसरीपेक्षा तिसरी, आणि तिसरीपेक्षा पुन्हा पहिली. असे गिऱ्हाईक आपल्या बागायतदारांना मिळाले तर त्यांचे भले होईल. प्रत्येक अदलाबदलीला वर दहा रुपये घ्यायचे आणि त्याला फिरवत ठेवायचे. संध्याकाळी त्याच्या हाती सकाळचीच पेटी आणि खिसा रिकामा. अशा पसंतीला आकडा नाही, कारण कोणताही आकडा स्वतःपेक्षा मोठा असत नाही.

एकेकटा माणूस सहसा असे करत नाही. सभा करते. आमच्या सर्वसाधारण सभेत एकदा मागण्यांचा क्रम ठरवायचा होता: पगारवाढ, घरभाडे, रजा. दोन-दोन मागण्यांवर हात वर करायला सांगितले, तर पगारवाढ घरभाड्यापुढे गेली, घरभाडे रजेपुढे गेले, आणि रजा पगारवाढीपुढे! मोजणाऱ्याने चूक केली असे समजून आम्ही त्याला पुन्हा मोजायला लावले. चूक नव्हती. फ्रान्सच्या कोंदोर्से यांनी हा घोटाळा १७८५ सालीच लिहून ठेवला आहे, आणि केनेथ ॲरो यांनी १९५१ साली त्यावर सगळा ग्रंथ उभा केला. आम्हांला ते त्या रात्री ठाऊक नव्हते. सभा बारा वाजेपर्यंत चालली.

फेरी नसेल, आणि कोणत्याही दोन वस्तूंची तुलना करता येत असेल, तर मोजक्या वस्तूंना आकडे बसवणे हे पोराचे काम आहे. नुसत्या मोजक्याच नव्हेत. एक, दोन, तीन अशा ओळीत उभ्या करता येणाऱ्या अगणित वस्तू असल्या तरी आकडे बसतात. पहिलीला कोणताही आकडा द्यावा. पुढची वस्तू आधीच्या ज्या दोघींच्या मधे पडते, त्यांच्या मधला अपूर्णांक तिला द्यावा. सर्वांच्या वर पडली तर एक मिळवावा, सर्वांच्या खाली पडली तर एक वजा करावा, कोणाच्या बरोबरीची असली तर तिचाच आकडा. दोन अपूर्णांकांच्या मधे नेहमी तिसरा सापडतो, म्हणून जागा कधी संपत नाही. या कल्पनेचे मूळ जर्मन गणिती कांटोर यांच्याकडे जाते.

पण कोणत्याही दोन वस्तूंची तुलना करता येते, हे आम्ही फार सहज म्हणून गेलो. पुन्हा पेट्यांकडे चला. एका पेटीतले फळ वजनाने भारी आणि डागही कमी. तर तीच बरी, यात दुमत नाही. पण एकीचे फळ भारी आणि डाग जास्त, दुसरीचे फळ हलके पण सोन्यासारखे स्वच्छ, तर कोणती बरी? इथे घरात भांडणे होतात. जिथे सगळ्या बाजूंनी सरस असेल तिथे क्रम पक्का, आणि जिथे एका बाजूने सरस, दुसऱ्या बाजूने उणे, तिथे क्रम मुका. याला अंशतः लागलेला क्रम म्हणावे. आणि जो आकडा या पक्क्या क्रमाचा मान राखतो, म्हणजे सरस वस्तूला कधी कमी आकडा देत नाही, त्याला चढते फलन म्हणावे. इंग्रजी पुस्तकांत मोनोटोनिक हा शब्द आहे.

आता पगाराकडे येऊ. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या जिल्ह्यातली किती माणसे गेली ते येथे सांगायला नको. या सभागृहात ज्याच्या घरचे कोणी परळ-लालबागला राहिले नाही असा माणूस विरळा. त्या गिरण्यांत फार वर्षे एकाच कामाला एका गिरणीत एक पगार, पलीकडच्या गिरणीत दुसरा, अशी स्थिती होती. १९४७ साली मुंबईच्या औद्योगिक न्यायालयाने निवाडा देऊन हे पगार एका प्रमाणात आणले. बिनकसबी कामगाराला सव्वीस दिवसांच्या महिन्याचे तीस रुपये मूळ पगार ठरला, आणि वरची कामे त्यापुढे चढत्या क्रमाने लागली. शेकडो नावांची कामे. प्रत्येकाला आकडा हवा. अशा वेळी सगळे आकडे कोणी एका दमात ठरवत नाही. काही ओळखीच्या कामांचे पगार आधी ठरतात, आणि मग त्यांना धरून बाकीच्यांचे. काही वस्तूंना आकडे दिलेले आहेत. क्रम न मोडता ते उरलेल्या सर्वांपर्यंत कसे पोहोचवायचे? चढत्या फलनाचा विस्तार म्हणतात तो हाच.

आम्हांला याची गाठ पडली ती एका कारखान्यात, वीसेक वर्षांपूर्वी. कारखान्याचे नाव सांगत नाही. त्याचे इथे काही काम नाही. मालकांनी एक सल्लागार आणला. त्याने चार रकाने आखले: कौशल्य, जबाबदारी, श्रम आणि कामाच्या जागेची परिस्थिती. प्रत्येक कामाला प्रत्येक रकान्यात एक ते पाच अंक. मदतनिसाला १, १, ३, २. वेल्डरला ४, २, ३, ३. बॉयलर चालवणाऱ्याला ४, ५, ३, ४. यांचे पगार आधीच्या करारात ठरलेले होते: मदतनीस ३०००, वेल्डर ४२००, बॉयलरवाला ४८००. आता पंप चालवणाऱ्याचा पगार ठरवायचा. त्याचे अंक ३, २, ३, २. सल्लागाराने यंत्रावर हिशेब केला आणि सांगितले, ३१५०. शास्त्रीय पद्धतीने आलेला आकडा आहे, यात वाटाघाटीला जागा नाही.

आम्ही घरी येऊन कागद पुढे घेतला. पंपवाला चारही बाबतींत मदतनिसाच्या बरोबर किंवा वर आहे. म्हणून त्याला ३००० हून कमी देता येत नाही. वेल्डर चारही बाबतींत पंपवाल्याच्या बरोबर किंवा वर आहे. म्हणून त्याला ४२०० हून जास्त देता येत नाही. क्रम जे सांगतो ते एवढेच. तीन हजारांपासून बेचाळीसशेपर्यंत कोणताही आकडा क्रमाला चालतो. सल्लागाराचा ३१५० निर्दोष होता, आणि आम्ही मागितलेला ३९०० तितकाच निर्दोष. गणिताने दोघांनाही पास केले.

मग त्याचा ३१५० आला कोठून? त्याने रकान्यांना वजने दिली होती, आणि वजने देताना कोणाला विचारले नव्हते. वजने बदला, आकडा बदलतो. त्या पट्ट्यात कोठे थांबायचे हे तक्ता सांगत नाही. ते टेबलाच्या दोन बाजूंना बसलेल्यांच्या बळावर ठरते. हे एकदा दाखवून दिल्यावर सल्लागार चहा प्यायला बाहेर गेला आणि आमची मालकांशी बोलणी सुरू झाली. पंपवाल्याचे ३६५० ठरले.

आता या विस्ताराची रीत नीट पाहा, कारण ती सुंदर आहे. प्रत्येक न ठरलेल्या कामासाठी त्याच्या खाली येणारी सगळी ठरलेली कामे पाहायची आणि त्यांतला सर्वांत मोठा पगार घ्यायचा. हा तळ. मग त्याच्या वरची ठरलेली कामे पाहून त्यांतला सर्वांत लहान पगार घ्यायचा. हे छत. सर्वांना तळाचा आकडा दिला तरी क्रम मोडत नाही. ही कंजूष मालकाची रीत. सर्वांना छताचा दिला तरी मोडत नाही. ती आमची. क्रम पाळणारा कोणताही तक्ता या दोहोंच्या मधेच असतो. परंतु मधला कोणताही तक्ता क्रम पाळेलच असे मात्र नव्हे, आणि इथे एक व्यवहाराची गोष्ट आहे. कॉम्प्रेसर चालवणाऱ्याचे अंक होते ३, २, ३, ३, म्हणजे पंपवाल्याहून एक वर. आरंभी त्याचाही पट्टा ३००० ते ४२०० असाच होता. पण पंपवाल्याचे ३६५० ठरताच कॉम्प्रेसरवाल्याचा तळ आपोआप ३६५० झाला. एक आकडा ठरला की शेजारचे पट्टे आवळतात. म्हणून बोलणी कोणत्या कामापासून सुरू करायची, यात अर्धी लढाई असते. आम्ही पंपवाल्यापासून सुरू केली ती केवळ तो युनियनचा खजिनदार होता म्हणून. शहाणपण मागाहून सुचले.

एक अट मात्र अशी की तिच्यावाचून काहीच चालत नाही. आधी ठरलेले आकडे आपापसांत क्रम पाळणारे हवेत. त्या कारखान्यात गोदामातल्या मदतनिसाचे अंक होते १, १, २, १, म्हणजे साध्या मदतनिसाहून कोठेही वर नाही, दोन रकान्यांत खाली. पण त्याचा पगार होता ३३००. का, तर पूर्वी कधीतरी तो कोणाच्या तरी ओळखीने लागला होता. आता या दोघांच्या वर येणाऱ्या कामाचा तळ धरायचा कोणता? आणि दोघांच्या मधे येणारे काम आले, तर त्याचा तळ ३३०० आणि छत ३०००! असल्या घरात कोण राहणार? मालकांची अट होती की जुन्या पगाराला हात लावायचा नाही. आम्ही सांगितले की मग तुमचा तक्ता कोणत्याही वजनांनी उभा राहणार नाही. हे मत नव्हे, हा सिद्धांत आहे. जगातला कोणताही सल्लागार आणा. शेवटी गोदामवाल्याचे तसेच ठेवून साध्या मदतनिसांचे ३३०० केले. चाळीस माणसांना महिना तीनशे रुपये मिळाले ते सिद्धांताने. आमच्या आयुष्यात गणिताने इतके रोख पैसे पुन्हा कधी दिले नाहीत.

पंडितांच्या जगात ही रीत अधिक बारीक प्रश्नासाठी लागते. त्यांना फलन चढते तर हवेच, पण संततही हवे. म्हणजे कामात केसाएवढा फरक पडला तर आकड्याने उडी मारू नये. तळ-छताची साधी रीत अशा उड्या मारते. काही ठरलेल्या जागांवरचे संतत आणि चढते फलन सगळीकडे पसरवता येते केव्हा, याचे उत्तर ब्राझीलच्या लिओपोल्डो नाखबिन यांनी दिले. त्यांचे पोर्तुगीज भाषेतले छोटे पुस्तक १९५० चे; इंग्रजीत ते १९६५ साली आले. आणि पसंती संतत असेल तर तिला संतत आकडा मिळतो, हे जेरार देब्रू या फ्रेंच गणितज्ञाने १९५४ साली अर्थशास्त्रात रुजवले. १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

देब्रूंच्या त्याच लेखात एका अशा पसंतीचा दाखला आहे की जिला आकडाच नाही. ती पसंती आम्हांस फार जवळची आहे. शब्दकोशात शब्द कसे लागतात? आधी पहिले अक्षर पाहायचे. ते सारखे असेल तरच दुसरे. पहिल्या अक्षरातला फरक दुसऱ्या अक्षराने भरून निघत नाही. काही माणसे कामाची निवड अशीच करतात. आधी जीव, धोका सारखा असेल तरच पगार पाहायचा. आमचा एक बॉयलरवाला सहकारी असाच होता. साहेब म्हणे, वाफेची झडप दुरुस्त होईपर्यंत दिवसाला शंभर रुपये जोखीमभत्ता घे. हा म्हणे, झडप आधी. साहेब दोनशे म्हणे. हा म्हणे, झडप आधी. साहेबांना वाटले हा भाव वाढवतो आहे.

अशा माणसाची पसंती एका आकड्यात का मावत नाही, ते थोडक्यात सांगतो. जरा सावकाश घेऊ. समजा, सुरक्षिततेची पातळी एका रेघेवरच्या बिंदूंसारखी हवी तितकी बारीक बदलते. प्रत्येक पातळीवर दोन नोकऱ्या धरा, एक दहा हजारांची, एक वीस हजारांची. त्या माणसाच्या पसंतीला आकडे दिले असे माना. एकाच पातळीवर वीस हजारांच्या नोकरीचा आकडा मोठा, तेव्हा त्या दोन आकड्यांच्या मधे थोडी मोकळी जागा पडली. वरच्या पातळीची दहा हजारांची नोकरीसुद्धा त्याला खालच्या पातळीच्या वीस हजारांहून बरी; म्हणून एका पातळीची मोकळी जागा दुसरीच्या जागेत शिरत नाही. प्रत्येक मोकळ्या जागेत निदान एक अपूर्णांक असतोच, आणि तो दुसऱ्या कोणाचा नसतो. म्हणजे रेघेवरच्या प्रत्येक बिंदूला स्वतःचा एकेक अपूर्णांक मिळाला. पण अपूर्णांक तर ओळीत उभे करता येतात, पहिला, दुसरा, तिसरा. आणि रेघेवरचे बिंदू असे ओळीत उभे करता येत नाहीत, हे कांटोर यांनी १८७४ सालीच सिद्ध केले. इतक्या घरांना पुरतील इतके अपूर्णांक नाहीत. तेव्हा आकडे देता येतात हे आपले म्हणणेच खोटे.

कोणी म्हणेल, कारखान्यात सुरक्षिततेच्या पाचच पायऱ्या आणि पगार रुपयांत; तिथे आकडे बसतील. बरोबर आहे, बसतील. सुरक्षिततेच्या एका पायरीला सगळ्या पगारपट्ट्याहून मोठे वजन द्यायचे की झाले. पण कोणत्या तक्त्यात असे वजन आपण पाहिले आहे? जे तक्ते आमच्यापुढे आले त्यांत ‘परिस्थिती’ या रकान्याला सगळ्यांत हलके वजन होते. हलके वजन घातले की त्या माणसाची पसंती बदलून त्याच्या तोंडी दुसऱ्याच माणसाची पसंती घातली जाते, आणि मग शंभर रुपयांत त्याचा जीव बसतो. सगळ्याच कामगारांची पसंती त्याच्यासारखी असते असे आम्ही म्हणत नाही. पोरांच्या फीची तारीख आली की भत्ता घेणारेही आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही.

याच गणिताचे दुसरे टोक महागाईच्या निर्देशांकात आहे. मुंबई सरकारची कामगार कचेरी १९२१ साली निघाली. तिने मुंबईच्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, आणि फिंडले शिरास यांचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. अशा पाहण्यांवरून एक टोपली ठरते: इतके तांदूळ, इतके रॉकेल, इतके कापड. त्या टोपलीची किंमत किती वाढली, तो निर्देशांक. परंतु कामगाराला हवी असते ती टोपली नव्हे. काल तो ज्या पायरीवर होता त्याच पायरीवर आज राहायला किती पैसे लागतील, हे त्याला हवे असते. पायरी म्हणजे पसंतीच्या क्रमातली जागा. रशियाच्या कोन्यूस यांनी १९२४ साली हा विचार मांडला आणि दाखवले की जुनी टोपली विकत घेण्याइतके पैसे दिले तर माणूस पायरीवरून खाली येत नाही. उलट कदाचित कमी पैशांतही टिकेल, कारण महाग वस्तू टाकून तो स्वस्त वस्तू घेईल.

मालकपक्ष हे वाक्य फार प्रेमाने वाचतो. तांदूळ महागला, तर ज्वारी खा. कागदावर ही अदलाबदल निर्वेध चालते. पण दोन वस्तूंची अदलाबदल करून माणूस त्याच पायरीवर राहतो की नाही, हे त्या माणसाच्या पसंतीवरून ठरायचे, सांख्यिकी खात्याच्या नव्हे. कोकणातल्या माणसाला भाताऐवजी भाकरी देऊन तो त्याच पायरीवर आहे असे लिहायला आमची तरी तयारी नाही. १९६३ साली मुंबईत बाजारभाव चढत होते आणि निर्देशांक मागे रेंगाळत होता. त्यावर कामगारांनी ऑगस्टमध्ये बंद पाळला. सरकारने प्राध्यापक लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि निर्देशांकात दोष होता हे मान्य होऊन त्याची दुरुस्ती झाली. हजारो पोटांना जे आधीच कळले होते ते आकड्याने उशिरा कबूल केले.

किमान वेतनाचेही तसेच. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचे माप ठरवले: कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, माणशी २७०० उष्मांक, आणि कुटुंबात तीन खाणारे. चार माणसांचे तीन कसे? पुरुष एक, बाई ०.८, मूल ०.६, दोन मुले मिळून १.२, बेरीज तीन. परिषदेने मोठे काम केले याबद्दल शंका नाही, त्या मापाच्या आधारावर आम्ही अजून भांडतो. परंतु हा ०.८ कोणत्या क्रमातून आला? विहिरीवरून पाणी आणणारी, शेतात लावणी करणारी कोकणातली बाई कोणत्या रकान्यात दोन दशांश उणी पडली? आमच्या आईला आम्ही हे एकदा सांगितले. ती म्हणाली, ‘‘उरलेला ०.२ कोणी खाल्ला?’’

रकान्यांचा हा प्रश्न मनातून जात नाही. अंक चुकला तर भांडता येते. वजन चुकले तर भांडता येते. रकानाच नसला तर क्रमच वेगळा लागतो, आणि मग त्यावर बसवलेले सगळे आकडे क्रमाशी इमान राखून अन्याय करतात. आपल्या जिल्ह्यात काजू फोडण्याच्या कामावर बायका बसतात. टरफलातले तेल कातडी जाळते. हाताला राख किंवा तेल चोळून त्या बसतात, तरी बोटे काळी पडतात आणि सालपटे निघतात. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९७६ साली झाला. पण तो ‘सारख्या स्वरूपाच्या कामा’बद्दल बोलत होता, आणि फोडणीवर पुरुषच बसत नसतील तर सारखे कशाशी म्हणायचे?

गेल्या वर्षी अशाच एका ठिकाणी आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. बायकांना एकत्र बसवले आणि म्हटले, अंक देऊ नका. फक्त दोन-दोन कामे घ्या आणि सांगा यांतले जड कोणते: फोडणे की सोलणे, सोलणे की प्रतवारी, पोती उचलणे की फोडणे. पुरुष उचलतात ती पोती सगळ्यांत जड म्हणतील अशी आमची समजूत होती. त्यांनी फोडणे वर लावले, एकमताने. कारण विचारले तर एकीने नुसते हात पुढे केले. फेरी कोठेही पडली नाही, क्रम सरळ लागला. मग आम्ही कारखान्याचा तक्ता मागवून घेतला. त्यात नेहमीचे चार रकाने होते, आणि ‘परिस्थिती’ खाली उष्णता, धूळ आणि आवाज एवढीच नावे होती. त्या चारांत फोडणे कोठेही पोत्यांच्या वर जात नव्हते.

आम्ही पट्टी घेऊन पाचवी रेघ ओढली आणि वर ‘कातडी’ असे लिहिले. मालकांनी तो रकाना मान्य केला आहे. त्यात कोणत्या कामाला किती अंक, यावर पुढची बैठक पावसाळ्याआधी आहे.